क्रूझवर मुलांना क्लबमध्ये सोडण्याआधी

जहाजावरच्या मुलांच्या क्लबचं, म्हणजे आई-बाप मुलांना काही तास खेळायला सोडतात त्या खोलीचं, दार कमरेइतकंच उंच होतं. पलीकडे निळा गालिचा, ठोकळ्यांचा ढीग, सात-आठ मुलं आणि पिवळा टीशर्ट घातलेली एक मुलगी. ती गुडघ्यांवर बसून राघवला हाक मारत होती. अलीकडे राघव, माझ्या कुर्त्याचा घोळ मुठीत घट्ट धरून. सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला येणारी चार रात्रींची सफर होती. राघव साडेतीन वर्षांचा, सई सात वर्षांची, आम्ही दोघं आणि सासूबाई.

ठाण्याहून निघताना बोट लागू नये म्हणून मी गोळ्या घेतल्या, आलेपाक घेतला, बॅगा तीनतीनदा तपासल्या. या दाराची तयारी मात्र अर्धवटच केली होती. ती कशी करायची ते आता नीट ठाऊक झालंय, आणि लहान मुलं घेऊन क्रूझला निघालेली कोणी मैत्रीण विचारायला लागली की मी तिला पहिल्यांदा हेच सांगत बसते.

आधी वय. बहुतेक मोठ्या जहाजांवर फुकटचा क्लब तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांपासून सुरू होतो. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा ‘अॅडव्हेंचर ओशन’ क्लब तसाच आहे. त्याहून लहान, म्हणजे ६ ते ३६ महिन्यांच्या बाळांसाठी त्यांच्या बऱ्याच जहाजांवर वेगळी नर्सरी असते, पण तिथे तासाचे पैसे पडतात. डिस्नेच्या जहाजांवरही तीन वर्षांखालच्यांची नर्सरी पैसे भरून. कार्निव्हल ही कंपनी दोन वर्षांपासून मूल घेते आणि तिथली माणसं डायपरही बदलतात. पासपोर्टवरची जन्मतारीख त्यांच्या संगणकात आधीच असते, त्यामुळे ‘दोन महिन्यांनी तीन होईल हो’ ही विनवणी दारात चालत नाही. हे सगळं तिकीट काढण्याआधी त्या त्या कंपनीच्या पानावर वाचा. नियम बदलत असतात, आणि एजंटच्या ‘होतं सगळं’वर भिस्त ठेवू नका.

सफर किती रात्रींची, हेही बघा. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज २०२१मध्ये सुटायला लागलं, त्याच्यावरही मुलांसाठी अशी सोय आहे. पण कुठल्याही जहाजावर दोन रात्रींची सफर असली तर मूल रमेरमेपर्यंत बॅगा भरायची वेळ येते. लाजऱ्या मुलाला क्लबची सवय लागावी असं वाटत असेल तर किमान चार रात्री हव्यात, आणि त्यात एक दिवस तरी पूर्ण समुद्रावरचा.

आता शू-शीचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या मुलांची खरी अडचण इथे होते.

आमच्या जहाजावर तीन ते पाच वर्षांच्या गटाला अट होती: डायपर नाही, पुलअप (चड्डीसारखा चढवायचा डायपर) नाही, मुलानं सगळं आपलं आपण करायचं. क्लबची माणसं बाथरूमच्या दारापर्यंत सोबत येतात, आत येत नाहीत. धुवून देणं नाही, चड्डी वर ओढून देणंही नाही. सासूबाईंना हा तुसडेपणा वाटला. ‘एवढंसं पोर, त्याची चड्डी वर केली तर काय हात झिजतात?’ मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण परक्या माणसानं आपल्या मुलाच्या अंगाला तिथे हात लावायचा नाही, हा नियम मुलाच्याच राखणीसाठी आहे, आणि तो जहाजावर कडक पाळला जातो याचं मला आज बरं वाटतं.

आपल्याकडे घरी काय असतं? पाणी, जेट, आणि आतून ‘आई, झालंऽऽ’ अशी हाक. जहाजावर कागद असतो आणि हाकेला ओ द्यायला कोणी नसतं. तेव्हा निघायच्या महिनाभर आधीपासून मुलाला कागदानं पुसायला शिकवा. रोज, न रागावता. राघवला आम्ही आठवडाभरच आधी शिकवलं, ते पुरलं नाही. ओले वाइप्स दिलेत तर ते कमोडमध्ये टाकायचे नाहीत हेही शिकवा. जहाजावरचे संडास व्हॅक्युमचे असतात, आत कागदाखेरीज काही गेलं की नळी तुंबते आणि शेजारच्या खोल्यांचीही पंचाईत होते.

तो व्हॅक्युमचा फ्लश विमानातल्यासारखा दणक्यात ओढतो. आम्ही मोठी माणसं पहिल्यांदा दचकलो. राघव तर दोन्ही कान दाबून, चड्डी गुडघ्यांवर असतानाच बाहेर पळाला आणि पुढे दोनदा जायलाच तयार होईना. यावर उपाय सोपा आहे. खोली मिळाली की पहिल्याच संध्याकाळी बाथरूममध्ये मुलाला घेऊन जा, झाकण बंद करा, एक-दोन-तीन म्हणा आणि बटण त्यालाच दाबू द्या. आमच्याकडे पंधरा-वीस वेळा दाबून झालं तेव्हा भीतीचं हसू झालं. क्लबमधल्या बाथरूमलाही तसलंच बटण असतं.

कपडे इलॅस्टिकचे घाला. नाडी नको, पट्टा नको, डंगरी तर अजिबात नको. पाठीवरच्या छोट्या पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी, सगळ्यावर नाव.

आणि शब्द. पहिल्या दिवशी दुपारी राघव त्या पिवळ्या टीशर्टवाल्या मुलीजवळ गेला आणि म्हणाला, ‘शू.’ ती हसली, खाली वाकली आणि त्याच्या बुटाचा सुटलेला बंद नीट बसवून दिला. तो पुन्हा म्हणाला, ‘शू, शू.’ तिनं दुसऱ्या बुटाचाही बंद लावला. मग व्हायचं ते झालं. मला बोलावणं आलं तेव्हा राघव कोपऱ्यात पाय जोडून उभा होता, रडतही नव्हता. मला बघून हळूच म्हणाला, ‘मी सांगितलं होतं.’ त्यानं खरंच सांगितलं होतं. बिचाऱ्या पोरीचाही काही दोष नव्हता. मराठीतली शू इंग्रजीत बूट होते, हे माझ्याच डोक्यात आलं नव्हतं.

घरी मराठी बोलता ना? बोलाच, त्यात बदल नको. फक्त जहाजावर पाय ठेवण्याआधी मुलाला चार इंग्रजी शब्द पाठ करून द्या: टॉयलेट, वॉटर, मॉम, हर्ट. आणि उलट बाजूनंही करा. आमच्या फॉर्मवर ‘मुलाबद्दल आणखी काही’ अशी जागा होती. दुसऱ्या दिवशी मी तिथे लिहून आले की हा ‘शू’ म्हणाला तर त्याला बाथरूमला जायचंय, ‘आई’ म्हणजे मी, ‘पाणी’ म्हणजे प्यायचं पाणी. त्या मुलीनं ते चिठ्ठीवर उतरवून टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. पुढचे तीन दिवस पँट बदलावी लागली नाही.

नोंदणी पहिल्याच दिवशी करा. जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर दोन-तीन तास क्लब पालकांना आतून बघायला खुला ठेवतात. तेवढ्याच वेळात मोठ्यांना आत जाता येतं. एकदा क्लब सुरू झाला की आई-बापांनाही दाराबाहेरच थांबावं लागतं आणि आतले फोटो काढता येत नाहीत. बुफेच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ही वेळ साधा. मुलाला आत फिरवा, त्याचं बाथरूम दाखवा, पाणी कुठे मिळतं ते दाखवा, आणि तिथल्या एका माणसाशी त्याची ओळख करून द्या. नाव विचारून घ्या. ‘उद्या तुला मॅगी दीदी भेटेल’ हे ‘उद्या तुला क्लबमध्ये सोडणार’पेक्षा मुलाला कितीतरी सोपं जातं.

फॉर्म भरताना घाई करू नका. अॅलर्जी, दमा, फिट्स, काही असेल ते सगळं लिहा. ‘लिहिलं तर घेणार नाहीत’ या भीतीनं दडवू नका. खाण्याचं वेगळं सांगा: आमच्याकडे अंडं चालत नाही. कप केक सजवायचा कार्यक्रम असतो, बिस्किटं वाटतात, तेव्हा नुसतं ‘व्हेज’ लिहून भागत नाही, अंडं नको हे स्पष्ट लिहावं लागतं. ज्या मुलांना गर्दी-गोंगाट सोसत नाही किंवा ज्यांना स्वमग्नता आहे, त्यांच्या पालकांनी तर तिकीट काढतानाच कंपनीशी बोलावं; वयाचा गट थोडा पुढेमागे करून देतात असं बऱ्याच ठिकाणी आहे.

मुलाला कोण घेऊन जाऊ शकतं त्यांची नावं तिथेच लिहायची असतात. आमच्याकडे ओळखीचा गुप्त शब्दही ठरवायला सांगितला. तो इंग्रजीत लिहायला सोपा आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला हवा. आम्ही ‘मोदक’ ठेवला. सासूबाईंचं नाव यादीत घातलं होतं, म्हणून त्यांचीही एकदा तालीम केली: गळ्यातलं कार्ड दाखवायचं, नातवाचं नाव सांगायचं, मोदक म्हणायचं. त्यांना इंग्रजीची धास्ती होती. जेवणाच्या टेबलावरचा वेटर गोव्यातल्या म्हापशाचा निघाला, तो रोज जाता-येता म्हणायचा, ‘आजी, काळजी करूं नाका.’ तिसऱ्या दिवशी त्या एकट्या जाऊन राघवला घेऊन आल्या आणि दिवसभर तेच सांगत होत्या. कार्ड विसरून गेलात तर मात्र तुम्ही आई असलात तरी मूल हाती देत नाहीत. माझा नवरा एकदा तसाच परत आला, दोन मजले चढून उतरून. चिडू नका. जो तुम्हाला अडवतो, तो दुसऱ्यालाही अडवणार आहे.

मनगटाला बांधतात तो बँड खेळण्यातला समजू नका. आमच्या बँडवर आमच्या मस्टर स्टेशनचा, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या जागेचा क्रमांक होता. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की सगळ्यांनी आपापल्या जागी जमायचं. अशा वेळी आई-बापाचे पाय आधी क्लबकडे धावतात, आणि तीच चूक. आमच्या जहाजावर क्लबची माणसं बँड बघून मुलांना आई-बाप ज्या जागी जमतात तिथे आणून सोपवणार होती. तुम्ही जिन्यात गर्दीच्या उलट धावलात तर मूल तिथे पोचेल आणि तुम्हीच नसाल. प्रत्येक जहाजाची पद्धत एकच असेल असं नाही, म्हणून नोंदणीच्या वेळी हा प्रश्न स्पष्ट विचारा: भोंगा वाजला तर माझं मूल कुठे असेल आणि मी कुठे जायचं? उत्तर घरातल्या सगळ्यांनी ऐकावं. २०१२च्या जानेवारीत कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकाला धडकली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांची भोंगा वाजल्यावर जमण्याची कवायत झालेलीच नव्हती. २०१५पासून आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच झाली पाहिजे. ती मुलांना बरोबर घेऊन करा.

आता सोडण्याची वेळ. डोळा चुकवून निघू नका. ‘तो खेळतोय तोवर पळा’ असा सल्ला मला दोघींनी दिला, आणि मी तो पहिल्या दिवशी ऐकला. राघवनं मान वळवली, मी नव्हते. त्यानंतर प्रत्येक वेळी तो दाराशी आला की आधी माझा कुर्ता धरायचा. ती मूठ सैल व्हायला दोन दिवस लागले. तेव्हा सांगून निघा, थोडक्यात सांगा. वेळ घड्याळाची सांगू नका. लहान मुलाला ‘बारा वाजता’ काय कळणार? ‘तुम्ही चित्र रंगवाल, मग गाणं म्हणाल, मग मी येईन, मग आपण वरणभात जेवू.’ (भारतीय जेवणाचा काउंटर होता आमच्याकडे, वरण म्हणजे पिवळी डाळ, पण पोरानं चालवून घेतलं.) एक पापी घ्या आणि वळा. तुमचाच पाय निघत नसेल तर सोडायला बाबाला पाठवा. राघव बाबाबरोबर गेला की निम्मंच रडायचा.

पहिली खेप अर्ध्या तासाची ठेवा. त्या वेळात नाटकाला किंवा स्पामध्ये जाऊ नका. क्लबपासून पाच मिनिटांवर कुठेतरी चहा घेत बसा. आमच्या क्लबची पद्धत अशी होती की मूल पंधरा मिनिटांत शांत झालं नाही तर पालकांना बोलावायचे. ते बोलावणं कसं येणार ते विचारून ठेवा: खोलीतल्या फोनवर, की जहाजाच्या अॅपवर? अॅपवर असेल तर मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून जहाजाचं वायफाय चालू ठेवावं लागतं. मोबाईल तसाच रोमिंगवर राहिला तर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल डोळे पांढरे करतं.

बोलावणं आलं नाही म्हणजे मूल रमलं, हे मनाला पटायला वेळ लागतो. मी पहिल्या दिवशी चहा गार होईस्तोवर फोनकडेच बघत होते. परत न्यायला गेले तेव्हा राघव कागदी मासोळी घेऊन आला आणि म्हणाला, ‘इतक्यात कशाला आलीस?’

सईचा प्रश्न वेगळा होता. तिचा गट वेगळा, खोली वेगळी. भाऊ रडतोय हे काचेतून दिसलं की ती आपला खेळ सोडून यायची. दोन भावंडांना एकाच गटात ठेवतात का, हे जहाजागणिक बदलतं. आमच्याकडे नाही म्हणाले. शेवटी राघवला आधी सोडायचं, तो शांत झाला की मग सईला, असा क्रम आम्ही लावला. मोठ्या बहिणीवर त्याला सांभाळायची जबाबदारी टाकू नका. तिचीही ती सुट्टीच आहे.

नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांना आपलं आपण क्लबमधून बाहेर पडू देण्याची परवानगी पालक लिहून देऊ शकतात, अशी सोय काही जहाजांवर असते. भाच्याच्या वेळी नणंदेनं मला विचारलं, मी नको म्हणाले. हजारो माणसांचं गाव आहे ते, एकसारखे लांब बोळ, एकसारखी दारं, बाहेर उघडी डेक. परवानगी द्यायचीच असेल तर मूल क्लबमधून थेट कुठे येणार ती एकच जागा ठरवा आणि लिफ्टनं तुमच्यासोबत दोनदा फिरवून बघा.

आजारपणात लपवाछपवी करू नका. उलटी, जुलाब, ताप असेल तर क्लब मूल घेत नाही, आणि नंतरही ठरावीक तास घेत नाही. सकाळी पॅरासिटामॉल पाजून ताप उतरवायचा आणि मुलाला नेऊन सोडायचं, हे बघितलंय मी. तसं करू नका. जहाजावर नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, एका मुलाकडून दुसऱ्याकडे झपाट्यानं जातो, आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरनं तो नीट मरत नाही. साबण आणि पाण्यानं हात धुवायला लावा, क्लबला जाताना आणि येताना दोन्ही वेळा. रोजची औषधं असतील तर ती तुम्हीच द्यायची. आमच्या क्लबमध्ये औषध देत नव्हते.

वेळा पाळा. आमच्याकडे जहाज समुद्रावर असेल त्या दिवशी सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते पाच, रात्री सात ते दहा असं चालायचं. मधल्या वेळात जेवायला मूल तुमच्याकडे. दहानंतर तासाचे पैसे. सिंगापूरच्या घड्याळापेक्षा फुकेतचं घड्याळ एक तास मागे आहे, तेव्हा जहाजाची वेळ कुठली धरतात ते रोजच्या पत्रकात बघून घ्या. मोबाईल आपोआप वेळ बदलतो आणि तुम्ही तासभर उशिरा दारात पोचता.

बंदराच्या दिवशी मुलाला क्लबमध्ये ठेवून दोघांनीही उतरायला बऱ्याच जहाजांवर परवानगी असते. मी कधीच करणार नाही. परक्या गावात टॅक्सी अडकली, छोट्या होडीनं परत यायचंय आणि रांग लांबली, तर मूल जहाजात आणि तुम्ही धक्क्यावर. फुकेतला नवरा आणि सई उतरले, मी आणि राघव थांबलो. पेनांगला उलट केलं. सासूबाई दोन्हीकडे उतरल्या.

शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लब उघडत नाही. म्हणून संध्याकाळीच जाऊन मुलाची पिशवी, पाण्याची बाटली, भिंतीला लावलेली चित्रं, सगळं मागून घ्या. आम्ही विसरलो. राघवची कागदी मासोळी तिथेच राहिली, आणि धक्क्यावरून तो त्या उंच जहाजाच्या खिडक्या मोजत राहिला.